शॅम्पू सोडला, पुन्हा धरला: नागपुरातल्या कुरळ्या केसांच्या रूटीनची पार्श्वभूमी

नागपुरात कुरळ्या केसांचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक नुसत्या कंडिशनरने केस धुणाऱ्यांचा, म्हणजे को-वॉशवाल्यांचा. दुसरा आठवड्यातून एकदा सरळ शॅम्पू लावून मोकळं होणाऱ्यांचा. जेल की क्रीम, डिफ्यूझर (हेअर ड्रायरला लावायचं पसरट तोंड) की पंखा, बोटं की ब्रश, हे वाद त्याच्यानंतरचे. बाहेरच्याला हे बाटल्यांचं भांडण वाटतं. मुळाशी मात्र शॅम्पू सोडण्याचा, २००१ साली अमेरिकेत घेतला गेलेला एक निर्णय आहे, आणि तो घेताना शहराच्या वेशीवरच्या बेसा-पिपळ्याच्या बोअरला किंवा आपल्या मे महिन्याला कोणी विचारलेलं नव्हतं.

जुना इतिहास आधी उरकते. कुरळे केस म्हणजे लपवायची गोष्ट, ही समजूत या मुलखात मूळची नसावी. रामटेकजवळ मनसरला सापडलेली, आता दिल्लीत असलेली वाकाटककालीन शिवाची बुटकी मूर्ती पाहा. घडवणाऱ्याने केसांच्या वळ्यांवर काय जीव ओतलाय! बुद्धमूर्तीच्या डोक्यावरची उजवीकडे वळलेली बारीक कुरळं तर दीक्षाभूमीच्या गावात रोजच्या नजरेतली. तिथून मी थेट आजीच्या न्हाणीघरात येते.

इतवारीच्या किराणा ओळीतून शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा यायचा. रात्री भिजत घालायचं, सकाळी उकळायचं आणि रविवारी डोक्यावरून आंघोळ. शिकेकाई-रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे थोडा फेस यायचा, आदल्या रात्रीचं तेल बऱ्यापैकी निघायचं आणि केस अगदी कोरडे पडत नसत. कुरळ्या मुलीसाठी जास्वंदीची पानं चुरून त्यांचा बुळबुळीत रस वेगळा निघायचा. टिपायला पंचा. आज जुना टी-शर्ट वापरायला सांगतात, त्याचं काम पातळ सुती पंचा कधीचा करत होता. म्हणजे निगा सगळी होती. कुरळं दिसू देण्याची रीत तेवढी नव्हती. केस सुकले की कंगवा, वरून तेल, आणि चापूनचोपून वेणी. शाळेत दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि त्यातून कपाळावर निसटलेल्या बटांना वर्गात ‘मॅगी’ हे नाव. मोकळे केस घेऊन दारात उभं राहिलं की मावशी हमखास विचारायची, “काऊन वं, केसं विंचरले नाहीस का?”

२०००नंतर धरमपेठ आणि सदरच्या पार्लरांत रिबॉन्डिंग आलं. औषधाने केसातले गंधकाचे बंध सोडवायचे, इस्त्रीने केस सरळ करायचे, दुसऱ्या औषधाने ते बंध तसेच पक्के करायचे. अख्खा दिवस जायचा. मग तीन दिवस केस धुवायचे नाहीत, कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत. सहा महिन्यांनी मुळाशी कुरळे आणि खाली झाडूसारखे सरळ, असं दोन मजली डोकं घेऊन फिरायचं. पुढे स्मूदनिंग आलं, मग केराटिन. त्यातल्या काही औषधांतून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइडच्या वाफेने डोळे चुरचुरायचे, ते वेगळंच. आज जिला तुम्ही केसांवर हात न लावता बसलेली बघता, ती बहुधा या वाटेनेच आलेली असते.

आता तो निर्णय. २००१मध्ये कुरळ्या केसांवर काम करणाऱ्या एका हेअरड्रेसरचं पुस्तक अमेरिकेत आलं आणि त्यातली ‘कर्ली गर्ल मेथड’ पुढे ‘सीजीएम’ या तीन अक्षरी लघुरूपाने जगभर गेली. तिच्या मुळाशी एक दुष्टचक्र आहे. सल्फेटच्या शॅम्पूने केस कोरडे होतात. तो कोरडेपणा झाकायला कंडिशनरमध्ये सिलिकॉन घालतात. न विरघळणारं सिलिकॉन केसावर चढत जातं. ते उतरवायला पुन्हा बहुधा सल्फेटच लागतं. म्हणून दोन्ही एकदम बंद करा आणि कंडिशनरनेच टाळू चोळून धुवा. तर्क बिनतोड आहे, मी तो कधी नाकारला नाही. पण त्याला एक अट आहे, आणि ती लेबलावर कुठे छापलेली नसते: डोक्यावर धुऊन काढण्यासारखं फार काही नसावं.

आपल्याकडे असतं. आदल्या रात्रीचं खोबरेल असतं, वर्धा रोडची धूळ असते, उन्हाळ्यात स्टोलखाली मुरलेला घाम असतो. चोपडलेलं तेल कंडिशनरने नीट निघत नाही. टाळूवर मेणचट थर राहतो, खाज सुटते, कोंडा झाल्यासारखं वाटतं. मग सल्ला येतो की तेलही बंद करा. गंमत म्हणजे शॅम्पू हा शब्दच इथून गेलेला, अठराव्या शतकात, चंपीच्या चांपण्यावरून. तेलमालिशीचा शब्द फेसाची बाटली होऊन परत आला, आणि ती बाटली सोडा म्हणणाऱ्यांनी जाताजाता मालिशही सोडायला लावली.

त्यात पाणी. शहराच्या जुन्या भागाला पेंच आणि कन्हानचं पाणी नळाने येतं, ते केसांना बरं. बाहेरच्या अनेक लेआऊटमध्ये मात्र बोअर नाहीतर टँकर. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम गीझरच्या कॉइलवर पांढरं दिसतं; तेच थोडंथोडं केसावरही बसतं. कंडिशनर ते उतरवत नाही, तो त्याच्यावर आणखी एक थर देतो. माझ्या मामेबहिणीने बेशाला राहायला गेल्यावर आठ महिने निष्ठेने को-वॉश केला. कुरळं सुटत गेली, केस ओले व्हायलाच वेळ लागायला लागला. तिला वाटलं प्रोटीन कमी पडतंय, मग वाटलं प्रोटीन जास्त होतंय. जुन्या शहरातल्या महाल भागात आईकडे आली, नळाचं पाणी आणि आईचा साधा शॅम्पू घेतला, आणि एका धुण्यात केसांना वळण परत आलं.

या वादात सगळ्यात जास्त गोंधळ ‘सल्फेट-फ्री’ या शब्दाने घातलाय. मूळ पद्धतीत त्याचा अर्थ ‘सौम्य’ असा धरलेला होता. फेस येतो पण कमी, अशा ‘लो-पू’ने तो तसाच पुढे नेला. बाजाराने फक्त अक्षरं उचलली. सोडियम लॉरिल सल्फेटच्या जागी ओलेफिन सल्फोनेट घातलं की बाटलीवर ‘सल्फेट-फ्री’ छापता येतं, खोटंही ठरत नाही, आणि ते जुन्या शॅम्पूइतकंच तेल ओढू शकतं. उलट सोडियम लॉरेथ सल्फेट सोबतच्या सौम्य घटकांसह नीट बसवलं तर ते बऱ्यापैकी मवाळ निघतं. शॅम्पू कसा आहे हे एका घटकावरून ठरत नाही, सगळं मिश्रण बघावं लागतं, असं कॉस्मेटिक रसायनतज्ज्ञ कधीपासून सांगत होते. पण सीताबर्डीच्या दुकानात उभं राहून मिश्रण कोण वाचणार? यादीत एक शब्द आहे की नाही, एवढं शोधणं सोपं.

तिकडेही हा निर्णय वादाविना टिकला नाही. जुलै २०१६मध्ये अमेरिकेतल्या सरकारी नियामकाने एका क्लेन्झिंग कंडिशनरबद्दल जाहीर इशारा दिला. त्याच्याकडे थेट १२७ तक्रारी आल्या होत्या, आणि कंपनीकडे आलेल्या २१ हजारांवर होत्या. केस गळणं, टाळूची आग, अशा. नेमकं कारण काय, हे तेव्हा ठरलं नव्हतं. त्या बाटलीचं पाप सगळ्या को-वॉशच्या माथी मारणं बरोबर नाही. तरी ‘शॅम्पूपेक्षा कंडिशनर केव्हाही सुरक्षित’ हे गृहीतक तिथून डळमळलं, असं मला वाटतं.

नागपुरात हे सगळं घरोघर पोचलं ते २०२०च्या उन्हाळ्यात. त्याआधी २०१९च्या सुमारास भारतातल्या छोट्या ब्रँडांनी कुरळ्यांसाठी वेगळी जेल-क्रीम काढायला सुरुवात केली होती, पण मार्चअखेर ते जूनअखेर पार्लर बंद राहिले आणि स्ट्रेटनिंगची तारीख आपोआप टळली. केस वाढले, मुळाशी वळणं दिसली, आणि ती दिसल्यावर खालचे सरळ केस कापायला घरात कात्री होतीच. ‘माझे टू-सी की थ्री-ए?’ ही केसांच्या वळणाचे प्रकार सांगणारी भाषाही (दोन म्हणजे लाटेसारखे, तीन म्हणजे कुरळे) तेव्हाच रुळली. ती वर्गवारी अमेरिकेतली, नव्वदच्या दशकातली. आपल्याकडचे बहुतेक कुरळे केस दोन आणि तीनमध्येच बसतात, त्यामुळे तिच्यावर मी जास्त बोलत नाही.

बाहेरचं जेल येईना तेव्हा स्वयंपाकघरातला जवस कामी आला. चटणीसाठी तो विदर्भात घरोघर असतोच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, छोट्या गंजात (पातेल्यात) मंद आचेवर, सारखं ढवळत. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच उतरवायचं, आणि गरम असतानाच गाळायचं. फोन आला म्हणून मी पाच मिनिटं थांबले, तर मलमलच्या फडक्यातून एक टिपूस उतरेना. शेवटी जुन्या पायमोज्यातून पिळून काढलं, हात कोपरापर्यंत चिकट. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. नंतर आंबूस वास येतो, तो नाकाला कळतो.

रूटीनांची तुलना इथे ऋतूशिवाय करताच येत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर. ग्लिसरीनचं क्रीम अशा हवेत केसातलाच ओलावा ओढून घेतं, असा बहुतेकींचा अनुभव. पण घरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असतो. त्या दमट झोतात तेच क्रीम छान बसतं, आणि स्कूटी घेऊन चौकापर्यंत गेलं की केस काथ्यासारखे. वर डोळ्यांपुरती फट ठेवून करकचून बांधलेला स्टोल असतोच. म्हणून उन्हाळ्यात इथे जवसाचं जेल जिंकतं, जाडसर, कडक कास्ट (सुकलेल्या जेलचं कवच) येईपर्यंत. जुलैत हवाच ओली. तेव्हा लीव्ह-इन (न धुता ठेवायचं कंडिशनर), तेल, क्रीम असे तीन थर चढवणारी पद्धत इथल्या ‘टू’ प्रकारच्या केसांवर अगदी चपटी पडते. ती फार घट्ट वळणाच्या केसांसाठी घडलेली, त्यात तिचा दोष नाही.

आणखी एक गोष्ट कोणी फारसं बोलत नाही. ही रूटीनं शॉवरखाली लिहिली गेली आहेत, आपल्याकडे बादली आणि मग. ओल्या केसांत कंडिशनर लावून डोकं पाण्याच्या भांड्यात पुन्हापुन्हा बुडवायची ‘बाउल मेथड’ गाजली, तेव्हा मला हसू आलं. अर्धी भरलेली बादली समोर घेऊन, डोकं उलटं करून केस पाण्यात सोडणं हे इथे कोणाला शिकवावं लागलं नसतं.

सध्या धरमपेठेत ‘कर्ली कट’चा दर वेगळा असतो. कोरड्या केसांवर, एकेक बट बघून कापतात. मागच्या महिन्यात गेले तर दरपत्रकावर नवीन ओळ होती, ‘कर्ल डिटॉक्स वॉश’, साध्या वॉशपेक्षा बरीच महाग. शॅम्पू सोडलेल्या मुलींच्या डोक्यावरचे थर काढायला आहे, असं तिथल्या ताईंनी सांगितलं. बेसिनशेजारची बाटली उचलून मागची यादी वाचली. पाण्यानंतर पहिलंच नाव होतं सोडियम लॉरेथ सल्फेट.