अडली की बुजली?

काजळीनं पाण्यापाशी येऊन चारही पाय रोवले. पाणी तरी केवढं, जेमतेम गुडघाभर. जेसीबीनं खड्डा काढून, तळाला मुरूम दाबून त्यात दोन टँकर रिते केलेले. माझी भाची टाच मारत होती, चुचकारत होती. घोडी मान ताठ करून, नाकपुड्या फुगवून फुरफुरली आणि दोन पावलं मागं सरकली. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या एका पटकेवाल्या आजोबांनी निकाल देऊन टाकला, "अडेलतट्टू हाय बघा. लाडावून ठेवल्यालं दिसायलंय."

संध्याकाळी घोडीला खरारा करताना भाची म्हणाली, "मामा, ती अडली नव्हती. बुजली होती."

घोड्याच्या बाबतीत मराठीनं हे दोन शब्द वेगळे ठेवलेत. अडण्यात हट्ट आहे, बुजण्यात भीती. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, घोडा पुढं जात नाही. पण घोड्याचा डोळा, मेंदू आणि काळीज यांच्याबद्दल आज जे माहीत आहे ते पाहिलं, की आजोबांचा शब्द मागं पडतो आणि भाचीचा टिकतो.

स्पर्धा छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, फेब्रुवारीतली, अगदी खालच्या पातळीची. खेळाचं नाव इव्हेंटिंग. एकच घोडा आणि एकच स्वार तीन परीक्षा देतात. ड्रेसाजमध्ये आखलेल्या चौकटीत शिस्तीच्या चाली, शो जंपिंगमध्ये मैदानावर उभारलेल्या, धक्का लागला की पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या, आणि क्रॉस-कंट्रीत रानातून दौडत ओंडके, चर, बांध, पाणी असे पक्के अडथळे. खेळ जन्मला लष्करात. घोडदळाचा घोडा कवायतीत शांत, रानात निधडा आणि दमल्यावरही कामाचा आहे का, हे बघायची ती परीक्षा होती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा आली, आणि सुरुवातीला तिथं फक्त लष्करी अधिकारीच उतरू शकत. आपल्याकडं १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण आणलं, २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये फवाद मिर्झा यांनी रौप्य. टोकियो ऑलिंपिकमध्ये मिर्झा तेविसावे आले. त्या पातळीवर रानातले पक्के अडथळे एक मीटर वीस सेंटिमीटरपर्यंत असतात. आमच्याकडचा सगळ्यात उंच ओंडका ऐंशी सेंटिमीटरचा होता. त्याहून उंच बांध आमच्या शिवारात बैल ओलांडतात.

काजळी माळेगावच्या यात्रेतली. नांदेडच्या लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी ओळखली जाते. दाजींनी भोवरे तपासून, दात मोजून, तासभर घासाघीस करून घोडी घेतली. आधीचा मालक तिला वरातीला भाड्यानं द्यायचा. म्हणजे डीजे, बँजो, सुतळी बॉम्ब, डोक्यावर नोटा ओवाळणारे पाव्हणे, सगळं तिनं पचवलेलं. आम्ही सगळे बिनघोर होतो. जी घोडी सुतळी बॉम्बला कान हलवत नाही, ती कशाला बुजतेय?

आणि त्या दिवशी पाण्याच्याही आधी ती बुजली कशाला, तर ड्रेसाजच्या चौकटीभोवती मांडलेल्या, अक्षर लिहिलेल्या एका पांढऱ्या फळीला. लाउडस्पीकर कानाशी वाजत होता, त्याचं तिला काहीच नव्हतं.

घोड्याची सवय अशी सुटी-सुटी असते. 'आवाजाला घाबरायचं नाही' असा सर्वसाधारण धडा तो सहसा शिकत नाही. तो शिकतो की हा आवाज, अशा गर्दीत, अशा उजेडात, धोक्याचा नाही. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक साधा, पण फार बोलका प्रयोग केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलांचा प्लास्टिकचा घसरगुंडी-झोपाळा एका जागी ठेवला आणि तरण्या घोड्यांना त्याच्यासमोरून पुन्हा पुन्हा नेलं. घोडे सरावले, बघेनासे झाले. मग तोच झोपाळा त्याच जागी नव्वद अंशांत फिरवून ठेवला. घोडे पुन्हा बिचकले, जणू नवीनच काहीतरी समोर आलंय. आपण म्हणतो, 'जाताना या ओंडक्यापाशी काही केलं नाही, येताना काय झालं याला?' येताना त्याच्या लेखी तो ओंडका वेगळाच असतो.

आता डोळा. 'साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये' असं म्हणतात. साहेबाचं राहू द्या, घोड्यापुरतं हे डोळ्याचं शास्त्र आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचं रान एकाच वेळी दिसतं. दिसत नाही ते शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढचं. मागून कुणी आलं तर तो आधी लाथ झाडतो आणि मग बघतो. ज्या प्राण्याला लाखो वर्षं मागून येणाऱ्या दातांनी मारलं, त्याच्यासाठी हाच क्रम शहाणपणाचा. पण कपाळापुढची ती आंधळी जागा उडी मारताना आडवी येते. दोन्ही डोळ्यांनी मिळून, अंतराचा नेमका अंदाज येईल असं त्याला फक्त समोरच्या एका पट्ट्यात दिसतं, आणि अडथळा अगदी जवळ आला की त्याचा मधला भाग त्या पट्ट्यातून निसटतो. शेवटची झेप घोडा बऱ्याच अंशी काही पावलं आधी पाहिलेल्या चित्राच्या भरवशावर घेतो. त्या काही पावलांत स्वारानं लगाम खेचून मान दाबून धरली, तर ते चित्रही धड मिळत नाही. नवखा स्वार घाबरला की नेमकं हेच करतो.

रंगांचंही तसंच. क्रॉस-कंट्रीत अडथळ्याच्या उजव्या हाताला लाल झेंडा आणि डाव्या हाताला पांढरा, हा नियम माणसांसाठी आहे. घोड्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्याकडं तीन. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, लाल आणि हिरव्यात त्याची गफलत होते. ब्रिटनमधल्या शर्यतींत अडथळ्यांच्या फळ्या वर्षानुवर्षं नारिंगी रंगवत, का तर उठून दिसतात. दिसत होत्या त्या माणसांना. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्याच्या नजरेनं हिशेब मांडला, तेव्हा नारिंगी फळी हिरवळीत विरघळून जाते असं निघालं, आणि २०२२ पासून तिथं त्या फळ्या पांढऱ्या करायला सुरुवात झाली. इतकी वर्षं कुणाला ही शंका कशी आली नाही, याचंच मला नवल वाटतं.

पण काजळीच्या पाण्याचं कोडं रंगाचं नव्हतं, उजेडाचं होतं. वेळ साडेअकराची. उघड्या माळावर डोळे दिपवणारं ऊन, आणि पाण्याचा खड्डा दोन मोठ्या लिंबांच्या सावलीत. घोड्याला अंधारात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, डोळ्याच्या मागच्या चकाकत्या पडद्यामुळं. पण उन्हातून अंधाराकडं वळायला त्या डोळ्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दौडत येणाऱ्या घोडीला तो कुठला मिळायला? तिला समोर दिसलं असेल एक काळं भोक आणि त्यात हलणारे चकचकीत तुकडे. खोली किती, तळ आहे की नाही, काही कळायला मार्ग नाही. शिवाय आमच्याकडच्या घोडीनं साचलेलं पाणी बघितलंय तरी कधी? तिच्या माहितीतलं पाणी बादलीत असतं. मराठवाड्यात वाढलेल्या जनावराला पाण्याची भीती वाटते, असं म्हणायची वेळ यावी, ही आमची वेगळीच शोकांतिका.

भीतीत शरीर काय करतं, हे पाहण्यासारखं आहे. उभ्या घोड्याचं काळीज मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं, भरधाव दौडीत ते सव्वादोनशेच्या आसपास जातं. त्याहून गमतीची त्याची प्लीहा, आपण जिला पाणथरी म्हणतो ती. घोड्याच्या पाणथरीत तांबड्या पेशींचा मोठा साठा राखून ठेवलेला असतो. धावायला लागला किंवा नुसता घाबरला, तरी ती आकसते आणि तो साठा रक्तात सोडते. रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, ते साठच्या वर चढतं. सायकलपटूनं स्वतःचं रक्त साठवून शर्यतीआधी टोचून घेतलं तर त्याच्यावर बंदी येते. घोड्याला ही सोय आईच्या पोटातूनच मिळालेली. पण ती सोय पळून जाण्यासाठी आहे, पांढऱ्या फळीपुढं मान वाकवून शांत चालण्यासाठी नाही. पेटलेलं इंजिन आणि दाबलेला ब्रेक, अशा अवस्थेत नवी घोडी पहिला अर्धा दिवस काढते.

त्यात पाठीवरचा माणूस. २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, जो प्रत्येक स्वाराच्या आईबापांना ऐकवावा. माणसांनी घोड्याला धरून किंवा त्यावर बसून ठरावीक अंतर चार वेळा जायचं. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, या वेळी वाटेत एक जण फाडकन छत्री उघडेल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या काळजाचे ठोके वाढले, आणि छत्रीचं काहीच ठाऊक नसलेल्या घोड्यांचेही वाढले. लगाम धरलेल्या हातातून, मांड्यांच्या दाबातून, श्वासातून म्हणा, बातमी पोहोचली. पहिल्या नकारानंतर दाजी दोरीपाशी येऊन "अगं, हाण तिला!" असं ओरडले, तेव्हा भाचीच्या मांड्या आवळल्या गेल्या आणि काजळीची खात्री पटली, की पाण्यात नक्कीच काहीतरी आहे.

नियमही निष्ठुर आहेत. क्रॉस-कंट्रीत पहिल्या नकाराला वीस दंडगुण, त्याच अडथळ्यावर दुसऱ्या नकाराला आणखी चाळीस, तिसऱ्याला बाद. सकाळी उडीत एक दांडी पाडली, तिचे चार. हाणून भागतं का? कधीकधी भागतं, घोडा मार चुकवायला उडी घेतो. पण पाणी आणि मार या दोन्हींची गाठ त्याच्या डोक्यात बसते, आणि ती सुटायला महिने लागतात. डेन्मार्कमध्ये २००६ साली तरण्या घोड्यांना एका हलत्या पांढऱ्या पिशवीची सवय लावताना वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या होत्या. भीतीची वस्तू एकदम अंगावर आणण्यापेक्षा थोडी थोडी पुढं सरकवली, तर घोडे लवकर शिकले. तिथल्याच पुढच्या एका अभ्यासात शांत, सरावलेला सोबती जवळ असला की नवखा घोडा कमी घाबरतो, असंही दिसलं. आमच्या जुन्या चाबूकस्वारांना हे ठाऊक होतं. नवं शिंगरू ओढ्यात घालायचं तर पुढं म्हातारी घोडी ठेवायची. स्पर्धेत मात्र म्हातारी घोडी पुढं ठेवता येत नाही.

दुसऱ्या नकारानंतर भाचीनं जे केलं ते दाजींना पटलं नाही. तिनं लगाम सैल सोडला आणि घोडी उभी असेल तिथं नुसती बसून राहिली. घड्याळ चालू, उशिराच्या प्रत्येक सेकंदाला दंड. काजळीनं मान खाली घातली, पाण्यावर फुंकर मारली, कान पुढं-मागं केले. डोळ्यांना सावली सरावली असावी. मग भाचीनं पायाचा हलका दाब दिला. घोडीनं एक पाय उचलताच तो दाब काढून घेतला. घोड्याला शिकवण्याचं सगळं मर्म या काढून घेण्यात आहे. दाब कशानं थांबतो हे तो शिकतो, आणि दाब क्षणभर उशिरा थांबला तर चुकीचंच काहीतरी शिकतो. एक पाय, दुसरा पाय, छपाक. घोडी पाण्यातून चालत गेली, दौडत नाही, आणि पलीकडच्या काठावर एकदम अशी उधळली की भाची मानेवर आली. पडली नाही, एवढंच. पडली असती तरी बादच.

दौड संपली तेव्हा काजळीच्या मानेवर आणि मांड्यांच्या आत साबणाचा फेस आल्यासारखं झालं होतं. लोक म्हणतात, घोडा फेसाळला म्हणजे फार ताणला. तसंच काही नाही. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, ते घाम दाट केसांतून पसरवतं. घासलं गेलं की फेस होतो. खरी काळजी आतल्या उष्णतेची. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात तिचा साधारण पाऊण हिस्सा उष्णता म्हणून बाहेर पडतो, आणि घोड्याच्या एवढ्या मोठ्या देहाला त्या मानानं कातडी कमी. घामाघूम घोड्यावर गार पाणी टाकलं तर अंग धरतं, असं आमच्याकडं पक्कं मानतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी तिथल्या दमट उकाड्याच्या धास्तीनं यावर भरपूर संशोधन झालं. गार पाणी भरपूर ओतणं हाच सगळ्यात चांगला उपाय, आणि त्यानं अंग धरत नाही, असं त्यातून दिसलं. आम्ही आठ बादल्या ओतल्या. दोन जुनी माणसं मान हलवत निघून गेली.

प्यायला मात्र घरून आणलेले कॅन. नव्या जागचं पाणी चवीला वेगळं लागलं की घोडा तोंड लावत नाही, आणि तहानलेल्या घोड्याचं पोट दगडासारखं होतं. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. परभणीकडच्या आमच्या बोअरच्या जड पाण्यावर वाढलेली घोडी. स्पर्धेच्या जागचं नळाचं गोड पाणी तिनं हुंगून सोडून दिलं. आदल्या रात्री ती आडवीही झाली नव्हती. घोडा उभ्यानं डुलक्या घेतो, पण गाढ स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही, आणि परक्या जागी आडवं व्हायला तो धजत नाही. पाण्यापाशी उभी असलेली काजळी उपाशी नव्हती, पण अर्धवट झोपेतली होती, हे त्या आजोबांना कुणी सांगायचं?

निकालात ती शेवटून दुसरी आली. दाजी परतीच्या प्रवासात पाथरीपर्यंत गप्प होते.

पंधरा दिवसांनी कालव्याला पाणी सुटलं आणि शेताखालचा ओढा वाहता झाला. भाचीनं काजळीला तिथं नेलं. घोडी काठाशी थांबली, वास घेतला, आणि फारशी खळखळ न करता उतरून पलीकडं गेली. दाजी खूश. "आता आण माघारी," म्हणाले.

पलीकडच्या काठावरून त्याच ओढ्याकडं तोंड करून काजळीनं चारही पाय रोवले. भाची हसली, लगाम सैल सोडून बसून राहिली.