निवासी सुधारशाळांतील सक्ती

शाळा बुडवणाऱ्या, व्यसनाकडे झुकलेल्या किंवा घरात कुणालाच न जुमानणाऱ्या किशोरवयीन मुलांना ‘वळण लावून देऊ’ असे सांगणाऱ्या खाजगी निवासी संस्थांतील दडपशाही. पहाटेची पीटी, मोबाइलबंदी, कडक वेळापत्रक एवढ्यावरून सक्ती ठरत नाही. मुलाला बाहेरच्या माणसाशी मोकळे बोलता येते का, ही खरी कसोटी.

हा व्यवसाय फोफावला अमेरिकेत. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात व्यसनमुक्तीसाठी निघालेल्या सिनॅनॉन संस्थेत गोल करून बसायचे आणि एकेकावर सगळ्यांनी तुटून पडायचे, असा ‘खेळ’ चाले. १९६७ पासून सीडूसारख्या शाळांनी तो मुलांवर वापरला. पालकांच्या संमतीने मुलाला मध्यरात्री अंथरुणातून उचलून नेणे, पत्रे वाचणे, फोनवर पहारा, एकांतात डांबणे हे प्रकार पुढे वारंवार उघडकीस आले. ‘तो रडून सांगेल, विश्वास ठेवू नका’ असे पालकांना आधीच बजावले जाई. यातले सर्वांत घातक हेच. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा संस्थांतील छळाचे हजारो आरोप नोंदवले आणि १० मृत्यूंची तपासणी केली. देशपातळीवर कायदा व्हायला मात्र डिसेंबर २०२४ उजाडला.

सुधारण्यासाठी कोंडणे आपल्याकडे, सोलापूरलाही, नवे नाही. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजी राजवटीतल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली शहरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे वसाहत, होती. हजेरी द्यायची आणि गिरणीत राबायचे. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. वस्तीचे नाव अजून सेटलमेंटच आहे.

‘रिमांड होमला टाकीन’ ही धमकीही टिकून आहे. खरे तर निरीक्षणगृहात, म्हणजे या रिमांड होममध्ये, मूल बाल न्याय मंडळापुढे हजर करेपर्यंतचा वेळ सोडता मंडळाच्या आदेशाशिवाय ठेवता येत नाही. खाजगी वसतिगृहाला बापाची सही आणि वर्षाची फी पुरते. मग रविवारी स्पीकरवर लावलेला फोन, शेजारी रेक्टर. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ ‘बरा आहेस ना?’ ‘हो.’ घरच्यांना वाटते, पोरगा सुधारला.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार सांभाळाची जबाबदारी घेतलेल्या संस्थेतील व्यक्तीने मुलाशी क्रौर्य केल्यास ५ वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मानसिक आजारावर उपचार म्हणून मुलाला दाखल करायचे, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ लागू होतो: दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यांतला एक तरी मनोविकारतज्ज्ञ हवा आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. ‘वर्तनसुधार’ ही पाटी या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत बसते. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन मोफत आहे आणि मूल स्वतः तक्रार करू शकते; त्यासाठी फोन मात्र रेक्टरच्या कपाटाबाहेर असावा लागतो.