उन्हात टाकलं म्हणजे अंथरूण धुतलं, असं नाही

"पांघरुणं कशाला धुवायची, कडक उन्हात टाकली की झालं!" हे घरोघरी ऐकू येतं. त्यात अर्धंच खरं आहे. उन्हाने ओल आणि कुबट वास जातो, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगणारे धूळकिडेही बरेचसे सुकून मरतात. पण शिंका येतात, दमा बळावतो, तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. ती उन्हाने जात नाहीत. पाण्यात मात्र विरघळतात, म्हणून गार पाण्यातही बरीचशी निघतात. किडे मारायचे तर पाणी ६० अंश सेल्सिअस हवं. कापड सोसेल एवढं बघा.

चादरी-अभ्रे दर आठवड्याला धुवा. गोधडीही बिनधास्त धुवा. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने पक्के बसलेले असतात. भिजली की इतकी जड होते, की पिळायला दोघं लागतात. वाळल्यावर शिवणीपाशी दाबून बघा, गार लागली तर आत ओल आहे, अजून एक ऊन द्या.

कापसाची दुलई मात्र भिजवू नका. आत गोळे होतात, मग कापूस पिंजूनच घ्यावा लागतो. तिला खोळ घाला, आणि खोळ धूत राहा.