इम्प्लांटवरची दाढ हलते तेव्हा

इम्प्लांटवर बसवलेली दाढ एक दिवस चावताना डुगडुगते आणि माणूस घाबरून जातो, हाडातलं सगळंच निघालं की काय! बहुतेक वेळा मुळाच्या जागी बसवलेला टायटॅनियमचा इम्प्लांट हाडात घट्टच असतो. ढिला झालेला असतो तो वरचा अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणारा भाग) आणि कॅप धरून ठेवणारा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा स्क्रू.

हा स्क्रू पिळताना किंचित ताणला जातो आणि त्या ताणावरच सांधा घट्ट राहतो. दाढांसाठी साधारण ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर जोर लागतो. नेमका आकडा कंपनी देते, म्हणून तो टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर दाखवणाऱ्या पान्यानेच, मोजावा. नव्या आट्यांवरचे सूक्ष्म उंचवटे दबले की ताण थोडा उतरतो, त्यामुळे दहा मिनिटांनी पुन्हा एकदा पिळायचं असतं. गर्दीच्या दिवशी हीच दहा मिनिटं वगळली जातात, आणि ते योग्य नाही.

दुसरं कारण चाव्यात आहे. दाढेची कॅप सुमारे दहा मिलिमीटर रुंद, खालचा इम्प्लांट चार-पाच मिलिमीटरचा. कडेवर दाब आला की तरफ होते. नैसर्गिक दाढेच्या मुळाभोवती ०.२ मिलिमीटरच्या आसपास तंतूंची गादी असते. दाबाने दाढ जराशी खाली बसते आणि जोर किती पडतोय तेही कळतं. इम्प्लांटला ही गादी नाही. म्हणून कॅप बसवल्यावर आठ मायक्रॉनची पातळ पट्टी दातांत धरून पाहतात: हलक्या चाव्यात ती कॅपवरून सुटून यावी, जोरात चावल्यावरच अडकावी. झोपेत दात खाणाऱ्यांनी नाइट गार्ड (दातांवर चढवायचं संरक्षक कवच) वापरलाच पाहिजे, नाहीतर स्क्रू ढिला होतो, पोर्सिलेनचा टवकाही उडतो.

कॅप आणि शेजारच्या दातामधल्या, सुरुवातीला काही न अडकणाऱ्या फटीत दोन-चार वर्षांनी मटणाचे रेशे, मेथीचे देठ अडकू लागतात. नैसर्गिक दात आयुष्यभर हळूहळू सरकत राहतात, इम्प्लांट जागचा हलत नाही. त्यामुळे बहुधा पुढच्या बाजूला फट पडते. स्क्रूने बसवलेली कॅप काढून लॅबमध्ये तिथे भर घालता येते. सिमेंटने चिकटवलेली असेल तर ती काढतानाच मोडू शकते.

सिमेंटचा याहून मोठा धोका म्हणजे हिरडीखाली राहून गेलेला कण. तिथे जंतू साचतात, हिरडीतून रक्त किंवा पू येतो आणि हाड झिजू लागतं. दुखत मात्र फारसं नाही, म्हणून लोक महिनोन्महिने थांबतात. स्क्रूने बसवलेल्या कॅपवर मधोमध खड्डा दिसला, तर ते छिद्र बुजवणारं फिलिंग निघालेलं असतं. ते पुन्हा भरणं सोपं आहे.

डुगडुगणाऱ्या दाढेवर चावत राहिलात तर स्क्रू आत मोडतो आणि तुकडा बाहेर काढणं फार जिकिरीचं होतं. डॉक्टरांना दाखवेपर्यंत दुसऱ्या बाजूने चावा. ठाण्यात बसवलेला इम्प्लांट दादरला किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात दाखवायचा असेल, तर कंपनी, मॉडेल आणि व्यास लिहिलेलं कार्ड सोबत न्या. प्रत्येक कंपनीचा पेचकस वेगळा असू शकतो.