ऑगस्टातला किन्नौर

गणपती जवळ आले की आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात सेबाच्या हातगाड्या लागतात. 'सफरचंद' हा शब्द आमच्याकडे शाळेच्या पुस्तकापुरता; बाजारात सेबच. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका गाडीवाल्यानं हाक दिली, "घ्या ना काका, असली किन्नौर हाये!" बाजूला एक आजी उभी होती. ती म्हणाली, "लाल लाल पाहून देजो रे बाप्पा, दवाखान्यात न्याचे हायेत." आमच्या भागात सेब घ्यायची कारणं दोनच, पूजा आणि पेशंट. चवीसाठी कोणी घेत नाही, आणि त्यात लोकांची चूक नाही. बहुतेक वेळा चव नसतेच.

मीही अर्धा किलो घेतले. किन्नौर हा हिमाचलातला उंचावरचा जिल्हा. तिथलं फळ मुख्यतः सप्टेंबर सरता सरता उतरायला लागतं आणि ऑक्टोबरभर येत राहतं. मग ऑगस्टात गाडीवर होतं ते काय? एकतर मागच्या हंगामातला शीतगृहातला माल, नाहीतर यंदाचाच, पण चढा भाव मिळावा म्हणून घाईनं तोडलेला. दोन्ही वरून सारखेच लाल.

याचा निकाल घरी लागतो. सेब आडवा कापला आणि कापलेल्या भागावर जखमेवर लावायचं आयोडिनचं औषध फासलं. मिनिटभरात सालीच्या आत निळा-काळा पट्टा उमटला. मधला बियांभोवतीचा भाग मात्र पिवळसरच राहिला. आयोडिन स्टार्चला लागलं की निळं-काळं होतं. कच्च्या सेबात साखर स्टार्चच्या रूपात साठवलेली असते, आणि फळ पिकताना ती मोकळी होते, आधी गाभ्याकडून, मग सालीकडे. म्हणजे माझ्या हातातला सेब यंदाचाच होता, फक्त अर्धवट. मागच्या वर्षीच्या फळात स्टार्च उरला नसता. हिमाचल-काश्मीरच काय, जगभरच्या बागांत तोडणीचा दिवस ठरवायला हीच चाचणी वापरतात. (औषध लावलेली फोड खाऊ नका, हे सांगायला नको.)

आम्ही संत्र्यावाले लोक. वरूड, मोर्शी, काटोलकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, की संत्र झाडावर जेवढं गोड झालं तेवढंच. तोडल्यावर आठ दिवस ठेवलं तरी गोडी वाढत नाही. हाच नियम आपण सेबाला लावतो आणि फसतो. सेबाची जात आंब्याची, केळीची. ही फळं इथिलीन नावाचा वायू स्वतःच सोडतात, त्या वायूनं त्यांचं पिकणं आणखी वेग घेतं आणि वायूही आणखी सुटतो. आपण तणसात आंब्याचा माच घालतो, त्यात हाच वायू कोंडलेला असतो. कच्च्या आंब्यांत एखादा पिकलेला सेब ठेवून पाहा, माच लवकर उतरतो. पण गाजराच्या टोपलीत सेब ठेवू नका. त्याच वायूनं गाजरं कडवट होतात.

तर सेब तोडल्यावरही बदलत राहतो. स्टार्चची साखर होते, म्हणून काही दिवस गोडी वाढते. सोबत मॅलिक आम्ल, म्हणजे सेबाचा आंबटपणा, फळाच्या श्वसनात खर्च होत जातं. आणि पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं. ताज्या सेबाचा चावा घेतला की पेशी फुटतात आणि रस उडतो. शिळ्यात पेशी न फुटताच सुट्या होतात, रस आतच राहतो, आणि तोंडात ओला भुसा आल्यासारखं वाटतं. टरबूज वाजवून घेणाऱ्या आपल्या लोकांनी सेबही टिचकी मारून घ्यावा. घट्ट फळाचा आवाज टणक येतो, मऊ पडलेल्याचा बद्द.

हे तिन्ही बदल प्रत्येक वाणात वेगवेगळ्या चालीनं होतात, म्हणून प्रत्येकाचा महिना वेगळा. आपल्याकडे सगळ्यात जास्त येणारा डेलिशियस, त्याचा रॉयल भाऊ धरून, हिमाचलातून ऑगस्ट-सप्टेंबरात आणि काश्मीरमधून सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतो. तो दिवाळीच्या मागंपुढं खावा. मार्चमध्ये तोच लाल, तोच चकचकीत, पण आत भुसा. फुजी उशिरा पिकतो आणि महिनोन्महिने कुरकुरीत राहतो, म्हणून संक्रांतीनंतर हात फुजीकडे वळवावा. हिरवा ग्रॅनी स्मिथ ताजा असताना दात आंबवतो. थोडा पिवळसर झाला की आंबटपणा उतरून मजा येते. गाला पातळ सालीचा, वासाचा. न्यूझीलंड-चिलीत तो फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडतात, कारण तिकडे तेव्हा उन्हाळा सरून शरद लागत असतो. आपल्याकडे झाडाखाली सावली उरत नाही त्या दिवसांत गाड्यांवर ताजा म्हणावा असा सेब तोच.

माझा लाडका मात्र गोल्डन. पिवळा, म्हणून आमच्या बाजारात त्याला कोणी विचारत नाही, कच्चा वाटतो. हिरवट असताना तो कच्चा असतोही. पण साल लोण्यासारखी पिवळी झाली की मधाची गोडी आणि मागून हलका आंबटपणा. त्याच्या सालीवर मेण कमी, त्यामुळे पाणी लवकर उडून तो सुरकुततो. चार दिवसांत खाऊन टाकायचा.

लालीच्या या हट्टाला इतिहास आहे. १८७०-८० च्या सुमारास अमेरिकेत आयोवातल्या जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप आपोआप उगवलं. त्यानं ते छाटलं, तरी फुटलं, असं सांगतात. त्याचं फळ पट्ट्या-पट्ट्यांचं होतं, आजच्यासारखं गडद लाल नव्हे. पुढे तेच डेलिशियस झालं, आणि सत्यानंद स्टोक्स या हिमाचलात स्थायिक झालेल्या अमेरिकन माणसानं १९१६ च्या सुमारास त्याची झाडं कोटगढला लावली. सेब बियांपासून आईसारखा निपजत नाही, कलमच बांधावी लागते, जसा आपण जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो. कधी एखाद्या फांदीत बदल होऊन तिची फळं जास्त लाल येतात, मग त्याच फांदीच्या कलमा होतात. अमेरिकेत हे पिढ्यान्पिढ्या चाललं. निवड रंगाची झाली, चवीकडे कोणी पाहिलं नाही आणि साल जाड होत गेली. त्या आजीचं "लाल लाल पाहून देजो" तिकडचे व्यापारी शंभर वर्षांपूर्वीपासून म्हणत आले.

मार्चमध्येही सेब मिळतो तो शीतगृहामुळे. केंब्रिजच्या किड आणि वेस्ट या दोन शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात दाखवलं, की थंडीसोबत हवेतला ऑक्सिजन कमी केला तर फळाचं श्वसन मंदावतं. आज अशा खोल्यांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १ ते ३ टक्क्यांवर आणतात. फळ जणू झोपी जातं. पण बाहेर काढलं की जागं होतं, आणि कुठं जागं होतं, तर आमच्या गाडीवर. दर १० अंशांमागं श्वसन साधारण दुप्पट धरलं, तरी शून्य अंशावरून ३० वर आलेला सेब ८ पट वेगानं म्हातारा होतो. म्हणून गाडीवरचा पसरलेला, उन्हात चमकणारा ढीग सोडून पेटीतून काढून मागावं. गाडीवाला कुरकुरतो, पण देतो.

त्याच गाडीवाल्याकडे नोव्हेंबरात पुन्हा गेलो. आता किन्नौर खरा होता. त्यानं गिऱ्हाइकाला दाखवायला एक कापला, तर गाभ्याभोवतीचा गर काचेसारखा पारदर्शक. गिऱ्हाईक निघून गेलं. "आतून पाणी लागलं काका, ढोरायले टाकतो." मी थांबवलं. ते पाणी पेशींच्या मधल्या पोकळीत उतरलेलं सॉर्बिटॉलचं असतं, झाडात पानांकडून फळाकडे येणारी साखर. फळ झाडावर पुरतं पिकलं की असं होतं. असा माल टिकत नाही, आतून तपकिरी पडतो, पण त्या दिवशी खाल्ला तर त्याच्याइतका गोड दुसरा नाही. जपानात असे फुजी मुद्दाम शोधून घेतात.

त्यानं तो फुकट दिला. अर्धा मी तिथंच उभ्यानं खाल्ला, अर्धा त्याला दिला. त्यानं चावला, थांबला, आणि बाजूला काढून ठेवलेले तसले आणखी चार पुन्हा ढिगावर मांडले.