धूर दिसतो, आग दिसत नाही

२ जून १९८३ ची संध्याकाळ. एअर कॅनडाचं ७९७ क्रमांकाचं विमान डॅलसहून टोरांटोमार्गे मॉन्ट्रियलला निघालं होतं. विमान डीसी-९, आत ४१ प्रवासी आणि ५ कर्मचारी, उंची ३३ हजार फूट. कॉकपिटमध्ये मागच्या टॉयलेटच्या फ्लश मोटरचे तीन सर्किट ब्रेकर एकदम उडाले. कॅप्टन डोनाल्ड कॅमेरॉन यांनी ते दाबून पाहिले, पण ते बसेनात. मोटर जाम झाली असेल असं धरून विषय तिथेच थांबला. सात-आठ मिनिटांनी पुन्हा दाबून पाहिले, पुन्हा तेच.

थोड्याच वेळात शेवटच्या रांगेतल्या एका प्रवाशाला विचित्र वास आला. टॉयलेटचं दार उघडलं तर आत करडा धूर भरलेला, ज्वाळा मात्र कुठेच नाही. केबिन प्रमुखांनी कार्बन डायॉक्साइडचं सिलिंडर आत रिकामं केलं आणि दार लावून घेतलं. सहवैमानिक क्लॉड विमे बघायला मागे गेले, पण धुरामुळे टॉयलेटपर्यंत पोहोचूच शकले नाहीत. परत येऊन ते म्हणाले की खाली उतरलेलं बरं. तेवढ्यात मागून निरोप आला: धूर कमी होतोय. म्हणून पुन्हा थांबले. धुराचा चष्मा लावून विमे दुसऱ्यांदा गेले आणि त्यांनी टॉयलेटच्या दाराला हात लावला. दार तापलेलं होतं. ते न उघडताच ते परतले, आणि आता मात्र खाली जायचंच ठरलं. धुराची पहिली खबर ते हा निर्णय, यात साधारण पाच मिनिटं गेली.

या पाच मिनिटांवरून पुढे बराच वाद झाला. अमेरिकेच्या तपास मंडळाने आधी ‘आगीची तीव्रता कमी लेखली’ असा ठपका ठेवला आणि वैमानिकांनी दाद मागितल्यावर अहवालातली भाषा सौम्य केली. मला ते योग्य वाटतं. कारण विमानातला धूर फसवा असतो. आतून दिसणारं गुळगुळीत पॅनेल आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये पोकळी असते. तिथून वायरींचे जुडगे, नळ्या, उष्णतारोधक आवरणं जातात आणि हवाही खेळते. आग एका ठिकाणी लागते, धूर भलतीकडूनच बाहेर पडतो. सिलिंडर मारल्यावर तो विरळ झाला, तरी पॅनेलमागे जळणं चालूच असू शकतं.

१९९८ मध्ये स्विसएअरच्या १११ क्रमांकाच्या विमानात हेच घडलं. न्यूयॉर्कहून जिनिव्हाला जाताना कॉकपिटमध्ये आधी नुसता वास आला. छतावरच्या पोकळीत वायरीतून ठिणगी पडली होती आणि तिथलं आवरण ज्वालाग्राही निघालं. वास आल्यापासून सुमारे २१ मिनिटांत विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात कोसळलं. २२९ जण गेले. तपास करणाऱ्या कॅनडाच्या मंडळाने १९६७ ते १९९८ मधल्या अशा १५ घटना तपासल्या. पहिल्या खुणेपासून शेवटापर्यंत कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३५ मिनिटं मिळाली होती. म्हणूनच आता वैमानिकांना शिकवतात की धुराचं मूळ शोधत बसू नका. आधी ऑक्सिजन मास्क चढवा, जवळच्या विमानतळाकडे वळा, आणि यादी वाचत कोणती वीज तोडायची ते वाटेत ठरवा.

प्रवाशांच्या डोक्यावरचे पिवळे मास्क अशा वेळी का सोडत नाहीत, हा प्रश्न नेहमी येतो. ते मास्क विरळ हवेसाठी असतात. त्यातला ऑक्सिजन केबिनच्या हवेत मिसळूनच नाकात जातो, म्हणजे धूरही सोबत येतो. शिवाय आगीला ऑक्सिजन मिळतो तो वेगळाच. वैमानिकांचा मास्क निराळा, चेहऱ्याला घट्ट बसणारा आणि शुद्ध ऑक्सिजन देणारा. प्रवाशांसाठी त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे ओलं फडकं. काजळी आणि हायड्रोजन सायनाइडसारखे पाण्यात विरघळणारे वायू त्यात काही अंशी अडतात. कार्बन मोनॉक्साइड मात्र सरळ आरपार जातो. धुराच्या वेळी मारतो तो मुख्यतः हाच वायू आणि सायनाइड. ज्वाळा नंतर पोहोचतात.

७९७ च्या कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना पुढच्या रांगांमध्ये हलवलं, ओले टॉवेल वाटले, आणि पंखांवरची दारं कशी उघडायची ते काही जणांना दाखवून ठेवलं. तोवर वीज जात चालली होती, विमान सरळ आहे की कललेलं ते दाखवणारं उपकरण, म्हणजे कृत्रिम क्षितिज, बंद पडलं होतं. तरीही कॅमेरॉन यांनी विमान अमेरिकेतल्या सिनसिनाटीला उतरवलं. चारही मुख्य टायर फुटले. दारं उघडली, लोक उतरू लागले, आणि ६० ते ९० सेकंदांत संपूर्ण केबिन पेटली. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. छताखाली साचलेल्या तप्त धुरात न जळलेले ज्वलनशील वायू असतात. बाहेरची ताजी हवा आत शिरली की ते एकदम भडकतात. म्हणजे ज्या दारातून सुटका, त्याच दारातून आगीला खुराक. १८ प्रवासी आणि पाचही कर्मचारी वाचले, २३ प्रवासी आतच राहिले. टॉयलेटमध्ये आग मुळात कशाने लागली, ते कधीच सिद्ध झालं नाही.

त्याआधी १९८० मध्ये रियाधला सौदियाचं १६३ क्रमांकाचं विमान धुरासकट सुखरूप उतरलं होतं. पण इंजिनं लगेच बंद झाली नाहीत, दारं उघडली नाहीत, आणि ३०१ जणांपैकी एकही वाचला नाही. उतरणं हे अर्धंच काम.

७९७ नंतर अमेरिकेने टॉयलेटमध्ये धूर-सूचक, कचरापेटीत आपोआप फुटणारा अग्निशामक, आसनांच्या गादीवर आग रोखणारं आवरण आणि जमिनीलगत दिवे सक्तीचे केले. दिवे जमिनीलगतच का, तर धूर वर साचतो आणि छतावरचे दिवे सर्वांत आधी दिसेनासे होतात. म्हणून सीटवर बसल्या बसल्या दारापर्यंतच्या रांगा मोजून ठेवणारा माणूस विक्षिप्त नसतो.

आता नवी काळजी पॉवर बँकेची. लिथियम बॅटरी पेटली की विमानातल्या अग्निशामकातल्या हॅलॉन वायूने ज्वाळा विझतात, पण आतली रासायनिक उष्णता वाढतच राहते आणि शेजारचे सेल एकामागून एक पेटतात. म्हणून ज्वाळा विझल्यावरही त्यावर भरपूर पाणी ओतत राहावं लागतं. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही ती याचसाठी, की तिथे पाणी घेऊन कोणी पोहोचू शकत नाही. दक्षिण कोरियाने तर मार्च २०२५ पासून ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायलाही मनाई केली. जवळ ठेवली तर धूर पहिल्यांदा तुम्हालाच दिसेल, आणि या वेळी तो नेमका कुठून येतोय हेही कळेल.