फॅमिलियास युनिदास (हिस्पॅनिक टीनएजर मुलांसाठी कुटुंबाधारित आरोग्य कार्यक्रम)

फॅमिलियास युनिदास हा अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामीत तयार झालेला कार्यक्रम आहे. क्यूबा, निकाराग्वा, कोलंबिया, मेक्सिको अशा देशांतून आलेल्या म्हणजे हिस्पॅनिक घरांतली शाळकरी टीनएजर मुलं सिगरेट, दारू, ड्रग्ज आणि असुरक्षित सेक्स यांच्यापासून लांब राहावीत हा त्याचा उद्देश. यातलं बहुतेक काम मुलांबरोबर होतच नाही, ते आईवडिलांबरोबर होतं, आणि माझ्या मते या कार्यक्रमाचं खरं महत्त्व इथेच आहे. मुलांना वर्गात बसवून 'हे करू नका, ते करू नका' सांगणारे कार्यक्रम जगात भरपूर आहेत, पण रात्री मूल घरी येतं तेव्हा समोर कोण असतं, तर आई.

याची मुळं १९७० च्या दशकात जातात. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातून हजारो कुटुंबं मायामीला आली, पुढे १९८० मध्ये तर मारिएल बंदरातून काही महिन्यांतच सव्वा लाखाच्या आसपास माणसं आली. मुलं शाळेत जाऊन वर्षा-दोन वर्षांत फाडफाड इंग्लिश बोलायला लागली, अमेरिकन मित्र, अमेरिकन सवयी, आणि आईवडील मात्र दोन-दोन नोकऱ्या करत स्पॅनिशमध्येच राहिले. मग डॉक्टरकडे, बँकेत, शाळेच्या मीटिंगला दुभाष्या कोण, तर तेरा वर्षांचा मुलगा, आणि शाळेतून आलेली तक्रारीची चिठ्ठी वाचून दाखवणाराही तोच! घरातला अधिकार हळूहळू उलटा होतो तो असा. मायामी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ होसे सापोचनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांबरोबर काम करता करता एक थोड्या मुदतीची फॅमिली थेरपी बसवली. पण थेरपी ही प्रॉब्लेम झाल्यावरची गोष्ट, तो होण्याआधीच काय करता येईल या विचारातून पुढे हिल्डा पँटिन, सापोचनिक, गियेर्मो प्रादो वगैरे मंडळींनी फॅमिलियास युनिदास उभा केला.

रचना काळानुसार बदलत गेली, पण जास्त वापरात असलेल्या रूपात पालकांच्या गटाच्या ८ बैठका असतात, प्रत्येकी साधारण दोन तासांच्या, आणि ४ भेटी त्या-त्या कुटुंबाबरोबर, तासाभराच्या. सगळं स्पॅनिशमध्ये. गट चालवणारा माणूस लेक्चर देत नाही, प्रश्न विचारतो, पालक एकमेकांशी बोलतात (ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांच्या विचारांचा इथे सरळ प्रभाव आहे). मग रोल-प्ले होतो, म्हणजे एक आई आई होते आणि दुसरी कोणाची तरी आई 'मुलगी' होते, तोंड फिरवून बसते, फोनमध्ये बघते, आणि पहिलीने तिच्याशी पार्टीला कोण कोण येणार, तिथे मोठं माणूस कोण असणार हे न ओरडता विचारायचं. जमलं नाही तर परत. गटात सराव झाला की घरच्या भेटीत तेच संभाषण खऱ्या मुलीबरोबर करायचं. तिथे कार्यकर्ता शेजारी बसतो पण आईच्या वतीने बोलत नाही, कारण तो बोलला तर मुलीच्या नजरेत जाणकार तोच ठरतो आणि आई परत बाजूला पडते. हे वाचायला छोटं वाटतं पण सगळ्यात कठीण भाग हाच असावा असं मला वाटतं.

बैठकांमध्ये शाळेचाही विषय असतो, मुलाच्या काउन्सेलरला कसं भेटायचं, काय विचारायचं. मित्रांचाही, म्हणजे मुलाच्या मित्रांच्या आईवडिलांशी ओळख ठेवायची. यामागे इकोडेव्हलपमेंटल नावाची थिअरी आहे, सोप्या भाषेत सांगायचं तर मूल एकाच वेळी घर, शाळा आणि दोस्तांच्या जगात वाढतं आणि या तिन्ही जगांना जोडणारा माणूस पालक असला पाहिजे.

याचा उपयोग होतो का, तर हे बऱ्यापैकी तपासलं गेलंय. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. आठवीतली २६६ हिस्पॅनिक मुलं आणि त्यांचे पालक घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला फॅमिलियास युनिदास आणि त्याच्या जोडीला एचआयव्हीबद्दल मुलांशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण, दुसऱ्या गटाला तेच एचआयव्हीचं प्रशिक्षण पण जोडीला इंग्लिशचे क्लास, तिसऱ्याला इंग्लिशचे क्लास आणि हृदयाच्या आरोग्याचा एक कार्यक्रम. तीन वर्षं मुलांवर लक्ष ठेवलं. सिगरेटच्या बाबतीत पहिला गट बाकी दोन्हींपेक्षा सरस ठरला, ड्रग्जमध्ये तिसऱ्या गटापेक्षा, आणि असुरक्षित सेक्सच्या बाबतीत दुसऱ्या गटापेक्षा. म्हणजे सेक्सबद्दल मुलांशी कसं बोलायचं हे शिकवलेले पालक दुसऱ्या गटातही होते, तरी फरक दिसला, कारण आधी घरात बोलणं सुरू व्हावं लागतं, मग विषय कुठलाही असो. नंतर मायामी-डेडच्या (मायामी ज्या काउंटीत म्हणजे जिल्ह्यात येतं तिच्या) सरकारी शाळांमध्ये ७४६ मुलांवर मोठी चाचणी झाली, तिथे कार्यक्रम चालवणारे शाळांचेच लोक होते.

पालकांना वेळ काढणं ही कायमची अडचण. संध्याकाळची शिफ्ट, गाडी नाही, धाकटं मूल कोणाकडे ठेवायचं, आणि वडील तर फारच कमी येतात. म्हणून पुढे ऑनलाइन आवृत्ती काढली, त्यात गटाच्या ८ बैठकांच्या जागी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि चक्क एक टेलेनोव्हेला, म्हणजे लॅटिन अमेरिकेत घराघरात बघतात तसली सिरियल, आणि कुटुंबाबरोबरच्या ४ भेटी व्हिडिओ कॉलवर. २३० कुटुंबांवरच्या चाचणीत याचाही ड्रग्जच्या वापरावर चांगला परिणाम दिसला. मला ही कल्पना फार आवडते, कारण लोक जे आधीच प्रेमाने बघतात त्यातूनच त्यांच्याशी बोललंय.

लठ्ठपणासाठीही वेगळी आवृत्ती आहे. २०१७ ते २०२० च्या सरकारी आकड्यांत २ ते १९ वयाच्या हिस्पॅनिक मुलांमध्ये २६.२ टक्के लठ्ठ आहेत, सगळ्या मुलांचं मिळून प्रमाण १९.७ टक्के. त्यामुळे गरज उघड आहे, पण आहार आणि वजन हे बोलण्याबरोबरच पगार, घराजवळची दुकानं, खेळायला जागा यावरही अवलंबून असतं, तिथे एकटी आई किती पुरणार.

मायामीबाहेर असे आणखी कार्यक्रम आहेत. ॲरिझोनात फिनिक्सला नॅन्सी गोन्झालेस यांच्या टीमने मेक्सिकन घरांतल्या सातवीच्या मुलांसाठी 'पुएन्तेस आ ला सेकुंदारिया' केला, ५१६ कुटुंबं, ९ आठवडे, आणि यात मुलांचा गटही वेगळा बसतो, कुटुंबांना इंग्लिश की स्पॅनिश हे निवडता येतं. ही तुलना महत्त्वाची आहे, कारण 'हिस्पॅनिक' म्हणून सगळ्यांना एकाच पिशवीत घालता येत नाही. मायामीतल्या क्यूबन माणसाला दुकानात, ऑफिसात, महापालिकेत सगळीकडे स्पॅनिश भेटतं, ॲरिझोनात कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या मेक्सिकन बापाला शाळेच्या ऑफिसात जायचीच भीती वाटू शकते, त्याला 'काउन्सेलरला भेटा' म्हणणं वेगळं. अमेरिकेतल्या मराठी घरांतही मुलांशी अंतर पडतं, पण तिथे आईवडील बहुतेक डिग्री आणि इंग्लिश घेऊन गेलेले, शाळेची मीटिंग त्यांची ते हाताळतात, तेव्हा ही तुलना फार ताणू नये.

फॅमिलियास युनिदास आता इक्वेडोरसारख्या देशातही वापरून बघितला गेलाय, आणि दक्षिण फ्लोरिडात मुलांच्या दवाखान्यांतूनही तो देण्याचा प्रयोग झाला, म्हणजे मुलाला चेकअपला आणलं की तिथेच पालकांना कार्यक्रमात घ्यायचं. खर्च मुख्यतः कार्यकर्त्यांच्या ट्रेनिंगचा आणि पगाराचा. दोन्ही भाषा येणारी, घरात शिरून गप्प बसू शकणारी माणसं मिळवावी आणि टिकवावी लागतात, आणि अभ्यासाचं अनुदान संपल्यावर त्यांचा पगार कोणी द्यायचा हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्याने सोडवावा लागतो.